परदेशी शिकायला जाताना राहण्या-खाण्याचा खर्च: गोव्यातल्या पालकांचे आणि मुलांचे नेहमीचे प्रश्न

दर मे महिन्यात माझा फोन वाजायला लागतो. डिचोली, साखळी, फोंडा, पेडणे. बोलत असते आई, आणि मागून पप्पा प्रश्न सुचवत असतात. मी २०१८ साली जर्मनीला मास्टर्स करायला गेले, पूर्वेकडच्या एका मध्यम शहरात दोन वर्षं काढली, आता वेर्ण्याला नोकरी करते. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. जर्मनीबद्दल जास्त आहे, कारण तिथं मी स्वतःच्या हातानं पैसे मोजलेत. बाकीच्या देशांचं नियमांपुरतं. नियमांतले आकडे दरवर्षी हलतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी त्या-त्या सरकारच्या साइटवर एकदा नजर टाकाच.

महिन्याला किती लागतील? एकच आकडा सांगा.

सांगते, पण त्याच्यावर विसंबू नका. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात. तिथं पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो हातात येतात. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा आहे. मी गेले तेव्हा वर्षाला ८,६४० होते, म्हणजे महिना ७२०. सरकारनं व्हिसापुरता ठरवलेला तो आकडा आहे, तुमच्या मुलाला किती भूक लागते ते त्यांना माहीत नाही.

लहान-मध्यम शहरात, विद्यार्थी वसतिगृहात राहणाऱ्याचा महिना साधारण असा जातो: खोली ३०० च्या आसपास, आरोग्य विमा १४५ च्या घरात, खाणं २०० ते २२०, फोन १०-१५, आणि साबण, वह्या, केस कापणं, कधीतरी मित्रांबरोबर बाहेर, सगळं धरून ८०-१००. साडेसातशे-आठशेत बसतं. म्युनिकला सामायिक घरातली नुसती खोलीच सरासरी साडेसातशेच्या वर जाते, तिथं ९९२ मध्ये भागणार नाही. म्हणून कोणी ‘जर्मनीत किती लागतात’ विचारलं की मी उलट विचारते, कुठल्या गावात?

पण खरा घोळ वेगळाच आहे. खर्च महिन्याच्या मापानं येतच नाही. आमच्या आजीला कोणी ‘महिन्याला मिरची किती लागते’ असं विचारलं नव्हतं. ती मे महिन्यात पुरमेंत करायची. मिरची, मीठ, सोलां (आमसुलं), सुकी सुंगटां (कोलंबी), कुळीथ, उकडे तांदूळ, सुकं जळण, पावसाचे चार महिने एका दमात डोळ्यांसमोर आणून. परदेशातलं बजेट तसं करा. वर्षाची यादी आधी लिहा: वर्षातून दोनदा सेमिस्टर फी, एकदा थंडीचे कपडे, एकदा निवासाच्या परवान्याचे १०० युरो, हीटिंगचा वर्षअखेरचा फरक, एखादं विमानाचं तिकीट. मग बाराने भागा. जे उत्तर येईल तो तुमचा महिना. नुसतं भाडं आणि किराणा धरून बजेट केलेली मुलं ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये घरी फोन करतात.

जाताना बरोबर किती पैसे द्यावेत?

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे आहेत म्हणजे ते विमानतळावर मिळतील असं बऱ्याच जणांना वाटतं. ते मिळायला तिथल्या बँकेत खातं लागतं, आणि बऱ्याच बँकांत खात्यासाठी राहत्या पत्त्याची नगरपालिकेतली नोंदणी मागतात. नोंदणीला घरमालकाची सही लागते. सहीसाठी घर लागतं. ही साखळी पुरी व्हायला दोन ते पाच आठवडे जातात, आणि त्याच आठवड्यांत खर्च सगळ्यात जास्त असतो.

माझंच सांगते. माझी खोली ऑक्टोबरच्या मध्यापासून होती, वर्ग पहिल्या आठवड्यात सुरू झाले. सतरा रात्री मी प्रवाशांच्या हॉस्टेलमध्ये सहा जणींच्या खोलीत काढल्या. वरचा पलंग, उशाला लॅपटॉपची पिशवी. मग अनामत, पहिलं भाडं, गादी, रजई, दोन भांडी, कोट, बूट, सेमिस्टर फी. पहिल्या पाच आठवड्यांत जेवढे गेले तेवढे पुढच्या तीन महिन्यांत गेले नाहीत.

तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटला हात न लावता निदान १,५०० ते २,००० युरो वेगळे ठेवा. त्यातले तीन-चारशे रोख, बाकी फॉरेक्स कार्डावर. आणि कोट इथून घेऊ नका. पणजीत मिळणारा जाड कोट तिथल्या नोव्हेंबरला पातळ पडतो, आणि तिथं वापरलेल्या कपड्यांच्या दुकानांत चांगला कोट वीस-तीस युरोंत मिळतो.

निघायच्या आधीचा खर्च कुठला?

जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्राचे (इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळतं ते) १८,००० रुपये, व्हिसाचे ७५ युरो, भाषेची परीक्षा, विमानाचं तिकीट, मुंबईच्या एक-दोन फेऱ्या. हे बजेटात कोणी धरत नाही, आणि मग शेवटच्या महिन्यात मामाला फोन जातो.

जर्मनीत फी नसते ना?

बहुतेक सरकारी विद्यापीठांत नसते, फक्त दर सेमिस्टरला दीडशे ते साडेतीनशे युरोंची वर्गणी असते, वर सेमिस्टर फी म्हटलं ती हीच. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४ च्या हिवाळ्यापासून मास्टर्सला ४,००० ते ६,००० लावलेत. ‘जर्मनी फुकट’ हे वाक्य आता अर्धवट खरं आहे. वर्गणीत बऱ्याच ठिकाणी बस-ट्रेनचा पास सवलतीत येतो. हा पास वेगळा घेतला तर महिना ६३ युरो पडतो, त्यामुळे वर्गणी कितीची ते बघताना त्यात पास आहे का तेही बघा.

कोल्ड भाडं, वॉर्म भाडं म्हणजे काय?

कोल्ड म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं. वॉर्म म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई धरलेली. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याच्याही बाहेर. जाहिरातीत ठळक दिसतो तो कोल्ड आकडा, तुम्ही भरता तो वॉर्म.

यातली गोम गोव्याच्या माणसाला सांगूनही पटत नाही, कारण आपण जन्मात कधी घर तापवलेलं नसतं. हीटिंगचे पैसे दर महिन्याला अंदाजानं घेतात. वर्ष संपलं की मीटरप्रमाणे हिशोब होतो, कमी वापरलं असेल तर परत मिळतात, जास्त असेल तर भरायचे. हिशोबाचं पत्र यायला आणखी वर्षभरही लागू शकतं.

खिडकीखाली पांढरा रेडिएटर असतो, त्याच्या टोकाला गोल नॉब, त्यावर १ ते ५ आकडे. मला वाटलं पंख्याच्या रेग्युलेटरसारखंच, पाचवर ठेवलं की लवकर तापेल. तसं नसतं. तो आकडा वेग सांगत नाही, खोली किती गरम करायची ते सांगतो. ३ म्हणजे साधारण २० अंश. मी पहिला हिवाळा पाचवर काढला, आणि कोंदट वाटतं म्हणून खिडकी तिरकी उघडी ठेवून झोपले. गोव्याच्या सवयीनं. पुढच्या वर्षी पत्र आलं, ३१२ युरो. घरातल्या बाकी दोघींनी ते तीन ठिकाणी वाटून घ्यायला साफ नकार दिला, कारण मीटर खोलीप्रमाणे होता आणि आकडा माझ्याच नावापुढे होता. चूक माझीच. त्यानंतर नॉब २ वर, खिडकी दिवसातून दोनदा पाच मिनिटं पूर्ण उघडायची आणि बंद करायची, घरात लोकरीचे मोजे. दुसऱ्या वर्षी मी वसतिगृहात गेले, तिथं हीटिंग भाड्यातच धरलेलं होतं.

भाडं कितीही असो, करार हातात आला की एवढं बघा: वॉर्म भाड्यात काय धरलंय, हीटिंग ठोक आहे की मीटरनं, आणि अनामत किती. कायद्यानं अनामत तीन महिन्यांच्या कोल्ड भाड्याच्या वर घेता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे. हा हप्त्यांचा हक्क कोणी आपणहून सांगत नाही.

अनामत परत मिळते का?

मिळते, सावकाश. माझी सात महिन्यांनी आली, तीही तीन ईमेल केल्यावर आणि रंगकामाचे म्हणून काही कापून. तोपर्यंत मी डिचोलीत परत आले होते. सुदैवानं तिथलं बँकेचं खातं बंद केलं नव्हतं. तुम्हीही करू नका. आणि खोलीत पाय ठेवल्या दिवशी भिंती, फरशी, सिंक, सगळ्याचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

खोली न बघता ॲडव्हान्स मागतात. पाठवू?

नाही. ‘मी सध्या परदेशात आहे, चावी कुरियरनं पाठवतो’ असं लिहिणारा मालक नसतो, चोर असतो. विद्यापीठाचं वसतिगृह मात्र अपवाद. तिथला अर्ज प्रवेशाचं पत्र येण्याची वाट न बघता भरा, रांग लांब असते.

खर्च रुपयांत गुणून बघावा का?

पहिला महिना सगळेच गुणतात. माझ्यावेळी युरो ऐंशीच्या आसपास होता. दोन युरो ऐंशीची कॉफी म्हणजे सव्वादोनशे रुपये, छे, नको. बेकरीत साधा पाव बघून मला आमचा पोदेर आठवायचा, सकाळी सायकलचा भोंपू वाजवत येणारा, आणि मी पाव न घेता परत यायचे. दोन आठवड्यांत वजन उतरलं आणि अभ्यासात लक्ष लागेना.

मग मी एक नियम केला. रोजच्या जिनसा युरोंतच मोजायच्या आणि तिथल्याच दुसऱ्या जिनसेशी ताडून बघायच्या: बाहेरचं एक जेवण म्हणजे घरची तीन दिवसांची भाजी. रुपयांत गुणायचं ते फक्त मोठं. भाडं, लॅपटॉप, तिकीट, फोन. उलटी चूकही लोक करतात, सहा महिन्यांनी गुणणं पूर्णच सोडून देतात आणि मग शंभर युरोंचे बूट ‘फक्त शंभर’ वाटायला लागतात. कर्ज रुपयांत फेडायचं आहे हे तेव्हा पप्पांनी आठवण करून द्यावं.

खाण्यावर किती वाचवता येतं?

सगळ्यात जास्त इथंच, आणि हाल न करता. विद्यापीठाच्या कॅन्टीनला मेन्सा म्हणतात. तिथं विद्यार्थ्याला तीन-चार युरोंत पोटभर जेवण मिळतं. दुपारी मेन्सा, रात्री घरी भात, असं धरलं तर २०० युरोंत महिना निघतो. किराणा आल्डी, लिडलसारख्या दुकानांतून. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळी विसरलात तर रविवारी स्टेशनवरच्या दुकानात दीडपट पैसे मोजाल.

नारळाचं दूध डब्यात सगळीकडे मिळतं. गोव्याच्या घरात डब्यातलं नारळाचं दूध म्हणजे अधर्म, पण तिथं एक डबा, दोन चमचे तिखट, धणे आणि चार सोलां यांत गोठवलेल्या माशाचं हुमण (कालवण) होतं, आणि ते चांगलं होतं. उकडे तांदूळ बहुतेक शहरांत मिळत नाहीत. श्रीलंकन किंवा तमिळ दुकान असेल तिथं त्यांचा तांबडा उकडा असतो, आपल्या चवीच्या बराच जवळ जाणारा. मसूर, चणे, कांदे, बटाटे, कोबी, अंडी स्वस्त. भेंडी आणि कोथिंबीर महाग. बांगडा मिळतो, बहुधा धूर दिलेला.

बाटल्या फेकू नका. प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पत्र्याच्या कॅनवर २५ सेंट ठेव असते, दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की चिठ्ठी मिळते आणि ती बिलातून वजा होते. आमच्या मजल्यावर पार्टी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन मीच आधी हजर असायचे. एकदा अकरा युरो मिळाले होते, आठवड्याची भाजी झाली.

बरोबर काय खायचं न्यायला चालतं?

हा प्रश्न आयांचा, आणि पैशाशी त्याचा संबंध आहे, कारण जप्त झालेल्या पिशवीचे पैसे कोणी परत देत नाही. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, चॉरिस (गोव्याचं सॉसेज), सगळं घरीच ठेवा. ताजी भाजी, कढीपत्ता, आंबे यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तेही राहू दे. मासे मात्र स्वतःपुरते २० किलोंपर्यंत चालतात, त्यात सुकी सुंगटां आली. चारदा गुंडाळा, सहप्रवाशांची दया करा. नारळाला प्रमाणपत्र लागत नाही, पण सुक्या खोबऱ्याची वाटी विमानातच चढू देत नाहीत, ती पेट घेणाऱ्या मालात धरतात. सोलां, तिखट, मसाले, कुळथाचं पीठ, पापड, काजू बिनधास्त न्या.

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी यातलं काहीही नेताना कार्डावर लिहून जाहीर करावं. तिथं लपवण्याचा दंड पिशवीतल्या मालापेक्षा कितीतरी मोठा असतो.

पार्ट-टाइम काम करून खर्च निघेल ना?

काही भाग निघेल. पण बजेटात पहिले सहा महिने शून्य धरा. भाषा येत नाही, वेळापत्रक कळलेलं नाही, परीक्षेची पद्धत वेगळी, आणि एजंट मात्र सांगतो की पोचल्या आठवड्यात काम मिळतं.

नियम असे. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. ब्रिटनमध्ये पदवी आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. आयर्लंडमध्ये सत्रात २०, सुट्टीत ४०. कॅनडात कॅम्पसबाहेर २४. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. अमेरिकेत पहिल्या वर्षी फक्त कॅम्पसवरच, तेही २० तासांपर्यंत. मर्यादा ओलांडून रोखीनं काम करणारी मुलं दिसतात. सापडली की व्हिसा जातो, आणि घरी कर्ज तसंच राहतं.

कामाचे पैसे आले तर ते भाड्याला लावू नका. ते थंडीच्या कोटाला, तिकिटाला, अचानक येणाऱ्या बिलाच्या पत्राला ठेवा. भाडं ज्या पैशातून जातं तो पैसा खात्रीचा हवा.

ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला किती दाखवावे लागतात?

ब्रिटनला नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. त्याशिवाय फी आणि आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, जो व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा आधीच भरायचा. एका वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा सोळा-सतरा महिन्यांचा असतो, म्हणून १,१६४ भरावे लागतात, ७७६ नव्हे. इथं बरेच जण चुकतात. पूर्णवेळ विद्यार्थ्याला कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथल्या पालिकेचा घरावरचा कर, माफ असतो, पण ते कौन्सिलला कळवावं लागतं.

कॅनडानं १०,००० डॉलरचा जुना आकडा जानेवारी २०२४ मध्ये २०,६३५ केला, आणि सप्टेंबर २०२५ पासून तो २२,८९५ आहे. जुन्या व्हिडिओंत अजून दहा हजारच ऐकू येतात. ऑस्ट्रेलिया मे २०२४ पासून २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर मागतो. आयर्लंड १०,००० युरो.

ब्रिटनमध्ये स्विंडनला काका आहेत, त्यांच्याकडे राहिलं तर दाखवायचे पैसे कमी होतात का?

होत नाहीत. व्हिसासाठी पूर्ण आकडा दाखवावाच लागतो. खरा खर्च अर्थात कमी होतो. पण आधी नकाशा बघा. स्विंडनहून रोज लंडनला ट्रेननं जाणं म्हणजे म्हापशाहून काणकोणला कदंबाच्या बसनं जाणं नव्हे, तिकिटांतच भाडं निघून जाईल. आणि काकांकडे राहायचं तर महिन्याला काय द्यायचं ते पहिल्या आठवड्यातच ठरवून घ्या. घेणार नाहीत म्हणतील. मग किराणा तुमचा, असं म्हणा.

पतसंस्थेतली ठेव दाखवली तर चालेल?

गावच्या पतसंस्थेवर विसंबू नका. ठेव मोडून राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खाजगी बँकेत आणा, आणि वेळेवर आणा. ब्रिटनला ते पैसे सलग २८ दिवस खात्यात दिसावे लागतात, एक दिवस जरी कमी झाले तरी अर्ज पडतो. आई-वडिलांच्या खात्यातले चालतात, जन्मदाखला आणि संमतीपत्र जोडून.

कर्जासाठी घर तारण ठेवायचं म्हणतो. काही अडचण?

गोव्यात असते, आणि तिच्यामुळे प्रवेश हातचे गेलेले मी बघितलेत. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत. त्याच्या वर घर किंवा जमीन लागते. मग एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काची नोंद) काढला जातो आणि त्यावर नाव निघतं आजोबांचं. आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, इन्व्हेंटरी (वारसांच्या वाटणीची कोर्टातली कारवाई) कोणी केलेली नाही, वारसांत एक आत्या मुंबईला, एक काका आखातात. त्यात गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नानंतर मालमत्ता नवरा-बायको दोघांची, म्हणून प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही. बँकेचा वकील फाइल परत पाठवतो.

हे काम दोन महिन्यांत होत नाही. मूल पदवीच्या शेवटच्या वर्षाला गेलं की त्याच आठवड्यात उतारा काढून बघा. वारसांचा गुंता असेल तर घराऐवजी मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी तारण ठेवता येते का ते बँकेला विचारा. आणि पर्वरीला गोवा शिक्षण विकास महामंडळात एक फेरी माराच. त्यांची व्याजमुक्त कर्जाची योजना आहे. तुमच्या अभ्यासक्रमाला ती लागू होते का आणि किती मिळेल हे तिथंच समोरासमोर विचारा.

शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. घरच्यांना जमत असेल तर ते व्याज तेवढं महिन्याच्या महिन्याला भरत जा. जुन्या करपद्धतीत राहिलात तर त्या व्याजावर आठ वर्षं वजावटही मिळते.

पैसे पाठवताना कर कापतात म्हणे?

टीसीएस. तो जादा कर नाही, आगाऊ घेतलेला आहे, विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर अजिबात लागत नाही. मर्यादा माणशी आहे, म्हणून काही रक्कम आईच्या खात्यातून आणि काही वडिलांच्या खात्यातून गेली तर बरं पडतं. काही भाग मार्चमध्ये, काही एप्रिलमध्ये पाठवला तर दोन आर्थिक वर्षांत विभागतो. आजीच्या खात्यातून पाठवणार असाल तर लक्षात ठेवा, कापलेला कर परत मिळवायला आजीला विवरणपत्र भरावं लागेल.

लोक टीसीएसवर तासभर बोलतात आणि विनिमय दर विचारतच नाहीत. नुकसान तिथं होतं. बँक जो दर लावते त्यात तिचा नफा असतो. १० लाखांवर २ टक्क्यांचा फरक म्हणजे २०,००० रुपये, आणि ते कुठल्याही पावतीवर ‘शुल्क’ म्हणून दिसत नाहीत. पाठवायच्या दिवशी दोन-तीन ठिकाणांहून विचारा, ‘सगळं धरून इतके युरो तिकडे पोचवायला मला एकूण किती रुपये लागतील?’ प्रश्न असाच विचारा. दर, शुल्क, जीएसटी वेगवेगळे सांगायला लागले तर परत हाच विचारा.

पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर स्वस्त पडेल का?

जर्मनी, पोर्तुगाल किंवा युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात शिकायचं असेल तर हो, बराच फरक पडतो. विद्यार्थी व्हिसा नाही, ब्लॉक्ड अकाउंट नाही, कामाच्या तासांची मर्यादा नाही, फी तिथल्या लोकांसारखी. पोर्तुगालच्या सरकारी विद्यापीठांत पदवीला त्यांची फी वर्षाला ६९७ युरोंच्या वर जात नाही. ब्रिटनसाठी मात्र आता उपयोग नाही. २०२१ पासून पोर्तुगीज पासपोर्टवाल्यालाही विद्यार्थी व्हिसा आणि परदेशी दराची फी लागते. आधीपासून तिथं राहण्याचा सेटल्ड दर्जा असेल तर गोष्ट वेगळी.

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्या आजोबा-आजींच्या नोंदीवरून हे होतं हे सगळ्यांना माहीत आहे. नोंदीला वेळ लागतो हेही माहीत आहे. पण तो पासपोर्ट घेतला की भारताचं नागरिकत्व संपतं. मतदान, सरकारी नोकरी, सगळंच. वीस वर्षांच्या मुलानं दोन वर्षांच्या खोलीभाड्यासाठी हे करावं असं मला वाटत नाही. घरात आधीच ठरलेलं असेल तर तो तुमचा प्रश्न.

आजारी पडलं तर?

डॉक्टर आणि इस्पितळ जर्मनीच्या विद्यार्थी विम्यात येतं. तिशीनंतर हाच विमा बराच महाग होतो, तेव्हा वय जवळ आलं असेल तर आधी विचारा. चष्मा विम्यात नाही, आणि दातांचं काही काम तुमच्या खिशातून जातं. दोन चष्मे इथून करून न्या. अक्कलदाढ ठणकत असेल तर फोंड्यातच काढून जा.

हिशोब ॲपवर ठेवावा की वहीत?

ज्यात तुम्ही खरंच लिहाल त्यात. मी वहीत ठेवायचे, पप्पांच्या दुकानातली लाल पुठ्ठ्याची. डाव्या पानावर रोजचा खर्च, उजव्या पानावर ‘येणार आहे ते’: एप्रिल सेमिस्टर फी, मे विमा, रेडिओ-टीव्हीची वर्गणी. ही वर्गणी घरटी महिना १८.३६ युरो असते, टीव्ही असो वा नसो. सामायिक घरात एकानं भरायची आणि वाटून घ्यायची. आमच्या घरात पहिलं पत्र आलं तेव्हा आम्ही तिघींनी ते जाहिरात समजून फेकलं, मग थकबाकीचं आलं.

उजवं पान महत्त्वाचं. झालेला खर्च लिहून पैसा परत येत नाही. दर रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा दहा मिनिटं बसून पुढच्या तीन महिन्यांचं पान बघायचे. पालकांनी रोजचा हिशोब मागू नये, मुलं खोटं लिहायला लागतात. महिन्यातून एकदा उजव्या पानाचा फोटो मागा.

चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी येणं परवडतं का?

जर्मनीतली मुलं या बाबतीत नशीबवान. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वर्ग नसतात, फक्त काही परीक्षा असतात, आणि २०२६ ची चवथ १४ सप्टेंबरला आहे. परीक्षेची तारीख लागल्याशिवाय तिकीट काढू नका, बदलायचे पैसे तिकिटाइतकेच होतात. गोव्यापर्यंतचं तिकीट आणि मुंबईपर्यंतचं अधिक रात्रीची बस, दोन्ही बघा. कधी गोव्यातलं मोपा विमानतळच स्वस्त पडतं, कधी मुंबईहून बसनं येऊन पंधरा-वीस हजार वाचतात. ब्रिटनवाल्यांचं सत्र नेमकं तेव्हाच सुरू होतं, त्यांनी नाताळचा विचार करावा, पण नाताळात गोव्याची तिकिटं कशी असतात ते तुम्हाला सांगायला नको.

मी दोन वर्षांत एकदाच आले. तिकिटाचे पैसे पहिल्या महिन्यापासून उजव्या पानावर तीस-तीस युरो करून लिहून ठेवले होते. गणपतीवरची फळांची माटोळी बांधायच्या दिवशी सकाळी पोचले, आणि येताना आईसाठी आणलेल्या चॉकलेटांपेक्षा जाताना बॅगेत भरलेली सोलां वजनानं जास्त होती.